काडेपेटीतलं पातं

देवगोंडा आप्पा दगडानं दाढी करायचे.

हे मी बेळगावात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे वस्तरा दगडावर घासून?" नाही. दगडानंच. रोज सकाळी आप्पा अंगणात पाट टाकून बसायचे, गुडघ्यावर गोणपाटाची घडी ठेवायचे, तिच्यावर गारगोटीचा ओबडधोबड गोळा धरायचे आणि हातातल्या गोट्यानं त्याच्या कडेला एक टोला द्यायचे. टक्. एक कपची उडायची. ती उजेडाकडे धरून बघायचे. पसंत पडली नाही तर पुन्हा टक्. मग त्या कपचीनं भिजवलेल्या गालावरून खर्र खर्र करत दाढी. शेवटी हनुवटीवर दोन-तीन ठिकाणी रक्त यायचं, त्यावर तुरटी फिरवायची आणि आरशात बघून म्हणायचं, "गुळगुळीत!"

निपाणीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका त्या आवाजावर वेळ ओळखत. 'आप्पाचा दगुड वाजला, उठा आता' असं म्हणून नवऱ्यांना उठवत.

मी निपाणीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. घरचे सगळे बेळगावात, खासबागेत. मी एकटाच आप्पांच्या शेजारच्या खोलीत राहायला आलो. पहिल्याच सकाळी बुटक्या भिंतीवरून एक फेटा वर आला आणि आवाज आला, "मास्तर, दाढी करायची काय? ताजं पातं हाय."

मी घाईघाईनं नको म्हणालो. पुढची पाच वर्षं त्यांनी रोज विचारलं आणि मी रोज नको म्हणालो. आमच्यातला तो नमस्कारच होता.

आप्पांविषयी लिहायचं तर त्यात माझी लबाडी येणार. ती टाळून नुसत्या गमती सांगता येतील, पण मग लिहिण्याला अर्थ नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो: या माणसाचं मी वाईट केलं, आणि बारा वर्षं ते मनात घेऊन फिरलो. आता क्रमानं सांगतो.

आप्पा चिकोडीकडच्या एका खेड्यातले जैन शेतकरी. शाळा कन्नड झाली, संसार मराठीत. रस्त्याच्या कामावर तीस वर्षं मिस्त्री होते. नदीकाठचा, माळावरचा दगड गोळा करून आणायचा, मजुरांकडून फोडून घ्यायचा, त्याची खडी रस्त्यावर पसरायची. एक दिवस एक गोरा इंजिनियर काम बघायला आला. खडीसाठी आणलेल्या ढिगातून त्यानं बोटभर दगड उचलला, बोटांनी चाचपला आणि म्हणाला, "मिस्त्री, हे माणसानं केलेलं आहे. लोखंड ठाऊक नव्हतं त्या काळच्या माणसानं." एवढं बोलून दगड खिशात टाकला आणि साहेब घोड्यावर बसून निघून गेला. आपण काय बोललो हे त्याला संध्याकाळपर्यंत आठवलंही नसेल. इकडे मिस्त्री मात्र ढिगाजवळ उभेच राहिले.

"तीस वर्सं दगुड फोडला मास्तर," आप्पा मला म्हणाले होते. "कुणाकुणाची हत्यारं चेंदली आसतील? कुणी बसून, डोळं फोडून केलेली. म्या ती रस्त्यात घातली आन वरनं रूळ फिरवला."

तेव्हापासून निपाणी-चिकोडी रस्त्यावर पाय ठेवायची वेळ आली की आप्पा पायताण काढून हातात घेत. उन्हाळ्यातही. लोक म्हणायचे, मिस्त्री खुळावला. मीही मनात तेच म्हणायचो.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं: "हातात घ्या, मग बोला." मूळ दगडाविषयीचं. दगड नुसता बघून कळत नाही. तो मुठीत धरावा, अंगठा कुठे बसतो ते बघावं, माणसानं केलेला असेल तर तो आपल्या हातात आपणहून जागा शोधतो. पण आप्पा हे वाक्य सगळ्यालाच लावत. बाजारात वांग्याला, सोयरिकीत नवऱ्यामुलाला, कीर्तनकाराला. तंबाखूच्या वखारीतला एक जण एकदा आवेशात येऊन म्हणाला, "आप्पा, बघा तुमी, सोराज येनारच!" आप्पा शांतपणे म्हणाले, "हातात घ्या, मग बोला."

आप्पांच्या घरात एक खोली दगडांची होती. फळ्यांवर ओळीनं मांडलेले दगड, प्रत्येकाखाली चिठ्ठी: कुठे सापडला, कोणत्या वारी. सुरुवातीच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या, भाषा मराठी आणि अक्षरं कानडी. मी आल्यावर त्या सगळ्या मला पुन्हा लिहायला लावल्या. "तुमचं अक्षर छापल्यागत हाय. कुणी शिकलेलं बघाय आलं तर लाज नगं."

ज्या गोळ्यापासून पाती काढायची त्याला ते केळफूल म्हणत. भोवतीनं एकेक पाकळी सुटावी तशी पाती सुटली पाहिजेत. मी एकदा चुकून म्हणालो, "कांद्यासारखं." आप्पांनी गोटा खाली ठेवला. "ह्या घरात कांदा दगडाचा बी चालत न्हाय, मास्तर."

तेच त्यांचं मोठं दुखणं होतं. ज्या माणसांवर त्यांनी जीव लावला होता ती हजारो वर्षांमागची माणसं खात काय होती?

"शिकार करत असतील आप्पा," मी म्हणायचो.

"तुमी बघाय हुतासा?"

"मग कंद खणून काढत असतील."

"जमिनीखालचं?" आप्पा कान झाकून घ्यायचे. "लई जीव आसत्यात त्यात. न्हाय न्हाय. फळं खाईत. ह्यानं कवठ फोडायचं, बघा, कसं बसतंय."

"आणि फळं नसतील तेव्हा?"

आप्पा विचार करायचे आणि ठामपणे म्हणायचे, "उपास."

त्यांच्या कामातही हीच शिस्त. पात्याची धार दाबून सरळ करायला शिंगाचं टोक लागतं. ते आप्पांनी आंबोलीच्या जंगलाकडून आणवलं होतं, सांबराचं, पण आपणहून गळून पडलेलं. ते गळूनच पडलं होतं याची खात्री करायला आणणाऱ्याला बस्तीत, म्हणजे जैन देवळात, नेऊन देवासमोर शपथ घ्यायला लावली होती. पाती लाकडात बसवायला मेण नको, राळ. बांधायला चामडं नको, अंबाडीचा दोर.

रत्नाक्का, त्यांची बायको, जिभेनं त्या पात्यांपेक्षा धारदार. "माझ्या आईबापानं मिस्त्र्याला दिली म्हणून मला वाटलं, पक्कं घर बांधील," ती मला सांगायची. "ह्यांनी घरात डोंगूर आणला." मला ती तम्मा म्हणायची, धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

एका जुन्या पात्याच्या धारेवर आप्पांना चमक दिसली. तुपाचं बोट फिरवल्यासारखी, आणि फक्त धारेवर. बाकी दगड मंद. ही कशानं आली? आप्पांनी बाभळीच्या वाकड्या फांदीला खाच पाडली, तिच्यात राळेनं आठ पाती ओळीनं बसवली, विळा तयार केला आणि श्रावणापासून बांधावरचं गवत कापायला सुरुवात केली. रोज. लोखंडी विळ्यानं तासात होणारं काम त्यांना दुपारपर्यंत पुरायचं. जाणारे-येणारे थांबून बघायचे. "आप्पा, विळा देऊ काय?" कुणी विचारलं की म्हणायचे, "हाय की हातात."

"म्हस खूश हाय," रत्नाक्का म्हणायची, "मी न्हाय."

दिवाळीनंतर एका सकाळी भिंतीवर फेटा न दिसता अख्खे आप्पाच चढले. "मास्तर! आली! चकाकी आली!" खरंच आली होती. त्यांच्या पात्यांच्या धारा त्या जुन्या पात्यासारख्याच चमकत होत्या. म्हणजे ते जुनं पातं गवत कापून कापून चमकलेलं. आणि गवत माणूस कशाला कापेल? त्याचं बी खायला. धान्य! "म्या म्हटलं नव्हतं? आपल्यातलीच माणसं हुती ती!" आप्पांनी गल्लीत साखर वाटली. नव्यानं आलेल्या एका सुनेनं साखर घेताना विचारलं, "काय झालं वो, ल्योक का ल्येक?" बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रत्नाक्का आत गेली. आप्पा म्हणाले, "चकाकी झाली, पोरी," आणि पुढच्या दाराकडे वळले.

आता माझ्याकडे येतो.

मी जन्माचा डावरा. वडिलांनी तो हात कंबरेला बांधून मला उजव्यानं लिहायला शिकवलं. चिठ्ठ्यांवरचं ते छापल्यासारखं अक्षर मारानं आलेलं आहे. एकदा गंमत म्हणून मी आप्पांचा गोटा हातात घेतला. उजव्या. दोन टोले चुकले, तिसरा बोटावर. आप्पा माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर पडल्या पडल्या हलत होता. "ह्यो कुणाला भेतोय?" त्यांनी विचारलं. "दगुड कुठल्या हाताला राजी हाय ते बघा की." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तो हात वापर म्हणून सांगितलं. मी रविवारी दुपारी त्यांच्याकडे बसू लागलो. पुढे पुढे रोज.

आप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं सुरुंगाच्या कामात आखडली होती. दाढीपुरती कपची, विळ्यापुरतं आखूड पातं त्यांना जमे. पण जुन्या लोकांसारखं बोटभर लांब, अंगानं सरळ, पातळ पातं त्यांच्या हातून कधी निघालं नाही. त्याचा त्यांना ध्यास होता. "एक निघू दे," ते म्हणायचे, "मग मला कुणी काय बी म्हणू दे."

ते माझ्या हातून निघालं. एका रविवारी आप्पा बस्तीत गेले होते, मी एकटाच अंगणात होतो. टोला बसला तो कानालाच वेगळा लागला, आणि गोणपाटावर बोटभर लांब पातं पडलं होतं, इतकं पातळ की त्यातून उजेड उसाच्या रसासारखा दिसत होता.

आणि इथं माझी बुद्धी फिरली. आप्पा आल्यावर त्यांच्या हातात द्यायचं सोडून मी ते ओल्या मातीत घोळलं आणि त्यांनी त्याच सकाळी वेदगंगेच्या काठावरून आणलेल्या दगडांच्या सुपात ठेवून दिलं. माझं काम आप्पांनी जुन्या कारागिराचं समजावं, एवढीच हाव. हसून सांगेन म्हणून ठरवलं होतं.

आप्पा आले, दगड धुवायला बसले. माझं पातं हाताला आलं तसे थांबले. उजेडाला धरलं. धारेवरून बोट फिरवलं. उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, ह्यो माणूस डावरा हुता."

मी तोंड उघडणार एवढ्यात रत्नाक्कानं हाक मारली. सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायचं असे. आप्पांनी काडेपेटीतल्या काड्या काढून बायकोच्या हातात दिल्या, पेटीत कापूस घातला आणि पातं त्यात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला ते दाखवू लागले: "माझ्या समद्या दगडांत ह्ये एक नंबर." आता सांगणं अवघड झालं. रोज थोडं जास्त अवघड. त्याची चिठ्ठी तेवढी त्यांनी मला लिहायला सांगितली नाही, याचं मला नवल वाटलं, आणि बरंही.

पुण्याच्या एका प्रोफेसरांना आप्पांच्या वतीनं मीच आधी पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आता आलं: कोल्हापूरला येतो आहे, पुढच्या आठवड्यात निपाणीला येऊन दगड बघेन. आप्पांनी दगडांची खोली चुन्यानं रंगवली. रत्नाक्कानं टोमणा मारला, "लग्नात एवढं केलं न्हाय." पण फळ्या तिनंच पुसल्या. आप्पांना एवढंच हवं होतं की कुणीतरी शिकलेल्या माणसानं ते दगड हातात घ्यावेत आणि म्हणावं, मिस्त्री, तुम्ही खुळे नाही.

त्याच आठवड्यात शाळेत हेडमास्तर सगळ्यांसमोर मला म्हणाले, "काय हो, तुम्ही त्या खुळ्या मिस्त्र्याचे चेले झालात म्हणे? पोरं तुम्हाला दगडू मास्तर म्हणतात."

सगळे हसले. मी म्हणालो, "छे! माझा काय संबंध? शेजारी आहे म्हणून दोन शब्द बोलतो. खुळाच आहे म्हातारा. कीव येते."

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. ते विसरायला मिळाले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी मी आप्पांना विचारलं, "प्रोफेसर येतील तेव्हा हेडमास्तरांनाही बोलवायला शाळेत येणार होता ना?" ते म्हणाले, "कामात आसतील ते. नगं." मला हायसं वाटलं.

प्रोफेसर यायच्या दिवशी मी पहाटेच जागा झालो. माझं पातं ते एका नजरेत ओळखणार, हे मला दिसत होतं. एक खोटा निघाला की सगळेच खोटे ठरणार. आप्पांची सगळी वर्षं माझ्या एका चेष्टेनं मातीत जाणार. अजूनही सांगता आलं असतं. दहा पावलांवर घर होतं. पण मी भित्रा माणूस. आप्पा बस्तीत आणि रत्नाक्का पाण्याला गेल्याचं बघून मी आत गेलो, पेटीतून पातं काढलं, पेटी बंद करून जागेवर ठेवली, हेडमास्तरांचीच सायकल मागून घेतली आणि यमगर्णीच्या पुलावर जाऊन ते वेदगंगेत टाकलं. डुबुक. आप्पांना वाचवलं, असं मी स्वतःला सांगितलं.

प्रोफेसर आले ते शिंकतच. तंबाखूचा हंगाम होता. नवखा माणूस निपाणीत आला की वेशीपासून शिंकतो. पण माणूस सरळ होता. एकेक दगड घेऊन, भिंग लावून, शिंकून, त्यांनी दोन तास घालवले. चमकणारं जुनं पातं आणि आप्पांचा विळा शेजारी ठेवून बघितला आणि चष्मा काढला. "मिस्त्री, हे तुम्ही कुठं वाचलंत?"

"वाचलं न्हाय सायेब. गवत कापलं."

प्रोफेसरांनी ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाले, "आणि ही लांब पाती? ही कशी काढत असतील, सांगता येईल?"

आप्पांचा चेहरा उजळला. "सांगायचं कशाला? ह्या बोटांनी मला जमत न्हाय, पर..." असं म्हणत त्यांनी काडेपेटी उचलली, दोन्ही हातांनी पुढे धरली आणि उघडली.

आत कापूस होता.

ते बराच वेळ कापसाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. एकदाच. आणि पेटी बंद करून म्हणाले, "न्हाय सायेब. काय न्हाय. काडेपेटी हाय."

प्रोफेसर हसले, शिंकले. जाताना म्हणाले की संग्रह अस्सल आहे, मोलाचा आहे. तीन दगड परवानगीनं नेले. गल्ली दारात येऊन बघत होती. आप्पांना हवं होतं ते मिळालं होतं. पण फाटकाशी उभे असताना त्यांचे हात रिकामे लोंबत होते.

दुसऱ्या सकाळी 'टक्' वाजलं. मी अंगणात उभा राहिलो. भिंतीवर फेटा आला नाही. दाढी करायची काय, असं त्यांनी त्या दिवसानंतर मला कधी विचारलं नाही. बोलणं थांबलं नाही. चिठ्ठ्या दिल्या, रत्नाक्का भाकरी देत राहिली. पण ते एक वाक्य गेलं. मी समजलो: आवडतं पातं गेल्यामुळे म्हातारा खचला. जूनमध्ये माझी बदली बेळगावला कॅम्पातल्या शाळेत झाली. मी निरोप घेतला तो पळून गेल्यासारखा.

बारा वर्षं. मधे लढाई झाली, दाढीची पाती बाजारातून नाहीशी झाली, कॅम्पातले सोल्जरसुद्धा खुंट वाढवून हिंडत. मला रोज सकाळी आप्पा आठवायचे. या वर्षी, स्वराज्य येणार असं पेपरात रोज येऊ लागलं तेव्हा, मला का कोण जाणे वाटलं की आता सांगायचं राहिलं तर राहिलंच. एका शनिवारी सर्व्हिस मोटारीत बसलो.

दारात रत्नाक्का होती. "आलास व्हय रं तम्मा? बारा वर्सांनी वाट सापडली?" मी खाली वाकलो. ती आत बघून ओरडली, "अवो, कोण आलंय बघा!"

आप्पा पाटावर बसले होते. डोळ्यांत सारा पडून नजर गेलेली. त्यांनी मान वर केली. "कोण?"

"हातात घ्या, मग बोला," रत्नाक्का म्हणाली, आणि माझं मनगट धरून माझा डावा हात तिनं त्यांच्या हातात दिला.

आप्पांनी तळहात चाचपला, अंगठ्याचं पेर दाबलं. "मास्तर," ते म्हणाले. "हात मऊ पडलाय. दगुड सुटला तुमचा."

मी बसायच्या आतच सांगून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. "आप्पा, काडेपेटीतलं ते पातं जुनं नव्हतं. मी केलेलं होतं. तुम्हाला फसवायला सुपात ठेवलं."

"बरं. आन?"

"प्रोफेसर आले त्या दिवशी मीच ते चोरलं."

"व्हय. आन?"

"पुलावरून नदीत टाकलं."

आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही हललं. "नदीत? येदगंगंत?" आणि म्हातारा हसायला लागला. पोट धरून, पाटावर मागे रेलून. "आरं द्येवा! आता कोणतर प्रोफेसर शिंकत शिंकत येनार, तितनं ते काढनार आन म्हननार, बघा, लाख वर्सांमागचा डावरा!" रत्नाक्काही पदर तोंडाला लावून हसू लागली. मला हसू येत नव्हतं. मी रडत होतो, हे मला थोड्या वेळानं कळलं.

मग आप्पा म्हणाले, "म्या येदगंगंवरनं सतरा दगुड आणलं हुतं मास्तर. सुपात अठरा निघाले. आन जुन्या दगडाची धार दमलेली आसती. तुमच्या पात्याला रग हुती."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ती पेटी दे गं त्यास्नी."

"ही पेटी?" फळीवरून ती आणत रत्नाक्का म्हणाली. "लढाईत काड्या मिळत नव्हत्या तवा तीनदा म्हटलं, रिकामी पेटी ठिवून काय करतासा, कडंला काड्या वडायला तर द्या. दिली न्हाय."

पेटीत कापूस तसाच होता, पिवळा पडलेला. मी तो उचलला. खाली घडी घातलेली चिठ्ठी होती. कानडी अक्षरं. मी एकेक लावत वाचलं: 'मास्तरांचं पातं. डावा हात. आपल्या अंगणात केलं. आयतवार.'

चोरताना मी कापूस उचलला नव्हता.

"त्या प्रोफेसरला ह्येच दावायचं हुतं," आप्पा म्हणाले. "मला जमलं न्हाय, पर म्या शिकवलेल्याला जमलं. आजच्या हातानं बी निघतंय. चिठ्ठी तुमाला लिवाय सांगितली न्हाय, म्हटलं तितंच कळू दे, मास्तरचं त्वांड बघू."

"मग ते गेल्यावर मला विचारलं का नाही?"

आप्पा गोटा हातात फिरवत राहिले. "शाळंत आलतो मी. हेडमास्तरला बोलवाय. व्हरांड्यात हुतो." मग म्हणाले, "मला वाटलं, मास्तरनं आपलं पातं परत न्हेलं. खुळ्याच्या घरात आपलं नाव नगं म्हणून. तेचं हुतं, न्हेलं. इचारनार काय?"

बारा वर्षं मी चुकीच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होतो. त्यांनी दगड हरवला म्हणून दुःख केलंच नव्हतं. आणि त्यांचा अंदाज साफ चुकला होता, असं म्हणायची मला सोय नव्हती. पातं मी भीतीनं उचललं होतं. पण ते शब्द माझेच होते.

"बोललो होतो मी तसं, आप्पा," मी म्हणालो.

"व्हय. बोललासा."

एवढंच. त्यांनी ते हलकं केलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं. मग त्यांनी पाटावर सरकून जागा केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एकेरीत म्हणाले, "बस रं. काढ दुसरं."

हात विसरला होता. गारगोटीचे दोन गोळे मी वाया घालवले, अंगठा सोलवटून घेतला. रत्नाक्का हळद घेऊन शेजारीच बसली. शेवटी एक तुकडा निघाला: आखूड, जाड, एका टोकाला वाकडा. आप्पांनी तो चाचपला, डाव्या हातात घेतला आणि पेटीत ठेवला.

"हे काही दाखवण्यासारखं नाही आप्पा. आणि चिठ्ठी जुनी आहे, दुसरी लिहून देतो."

"चिठ्ठी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "खोटं काय हाय तिच्यात? वार तेवढा बदल."

सूर्य मावळायच्या आत आम्ही तिघं जेवलो. मी मुक्काम केला. सकाळी ओळखीच्या आवाजानं जाग आली. टक्. मग आणखी एकदा, टक्. मी बाहेर आलो. आप्पा उजेडाकडे कपची धरून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते.

"मास्तर, दाढी करायची काय? ताजं पातं हाय."

"करा," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी माझ्यासमोर पाट ओढला, गालावर पाणी लावलं, आखडलेल्या बोटांनी माझी हनुवटी वर केली. मी डोळे मिटले. खर्र. रत्नाक्का मागे उभी राहून पुटपुटत होती, "अवो, कान ऱ्हाऊ द्या."

"टोचतंय काय रं?" आप्पांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांच्याशी मी बोललेलं हे शेवटचं खोटं. याचं ओझं मात्र मला अजून तरी वाटलेलं नाही.